बोळातली गिटार

सॅन क्लेमेन्टे
९ सप्टेंबर १९९६

प्रिय ओफेलिया,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून कोणी गेलं की काय असं तुझ्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. नॉर्मची कंबर गेली आहे, पण ती ड्रम वाजवणाऱ्याची कंबर, कधीतरी जायचीच. मी एरवी फक्त नाताळला कार्ड टाकतो आणि तेही दोन ओळींचं, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

बातमी अशी की आमच्या ‘पेलिकन फोर’ बँडला कोणीतरी विचारलंय. तेहतीस वर्षांनी. लाँग बीचला जुडिथ काझारियन नावाची बाई आहे, वय एकतीस, म्हणजे आमची एकुलती एक रेकॉर्ड निघाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती. बापाच्या कपाटात तिला ती सापडली. तिची स्वतःची छोटीशी कंपनी आहे, गॅरेजातच स्टुडिओ आहे, आणि तिला आमच्याकडून नवा अल्बम हवाय. सगळा सर्फ, म्हणजे आपलं ते लाटांवर स्वार होणाऱ्यांचं संगीत, नुसती वाद्यं, एक शब्दही गायचा नाही. माझा गळा ज्यांनी ऐकलाय ते तिला दुवा देतील.

मी अर्थातच छाती पुढे काढून गेलो. तिने मला खुर्चीत बसवलं, जुनी रेकॉर्ड लावली आणि विचारलं, “डेल, खाली ही साधी लाकडी गिटार वाजतेय ना, ती कोणाची?” मी म्हणालो, “कसली लाकडी गिटार? आमच्यात नव्हतीच.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी माझ्या सर्फबोर्डच्या दुकानात फुटका बोर्ड आणून ‘आपोआप फुटला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. मग तिने डावा स्पीकर बंद केला.

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. रेकॉर्ड स्टिरिओ आहे. डावीकडे मी, उजवीकडे बाकी सगळे. आणि माझ्या घरचा उजवा स्पीकर १९७१ पासून बंद आहे. पंचवीस वर्षं मी माझीच रेकॉर्ड अर्धी ऐकतोय, आणि मला कधी काही कमी आहे असं वाटलं नाही.

डावा बंद झाल्यावर मी उडालो. साधी कोरडी लाकडी गिटार, गाजावाजा नाही, सगळ्या बारा धुनांत. त्या रेकॉर्डवर माणसं ज्याच्यामुळे पाय आपटतात ते सगळं तिथे आहे. डावीकडे आहे ते मी पाणी उडवतोय, बस.

मी हिशोब लावला. रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी तीन वाजता लाटा उठल्या म्हणून मी बोर्ड घेऊन पळालो होतो. मागे राहून आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याने, चुयने, ती टेपवर भरली असणार. तुझा भाऊ, ओफेलिया. मला एका शब्दाने बोलला नाही. तो जाऊन दोन वर्षं झाली आणि मला आत्ता कळतंय.

बाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: ती गिटार असेल तर अल्बम, नाहीतर नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत सगळं पुरं व्हायला हवं. ती मीच वाजवीन म्हणतो. कव्हरवर चुयचं नाव सगळ्यांच्या वर, माझ्याही वर घालणार आहे. माझ्या तोंडून असं काही याआधी निघालेलं तू ऐकलं नसशील. तुमच्या वडलांची लाकडी गिटार तुझ्याकडेच आहे ना? उसनी देशील? चुय कशी वाजवायचा ते काही आठवत असेल तर तेही लिही. तशी गिटार मीही चाळीस वर्षं वाजवतोय. कितीसं अवघड असणार?

तुझा,
डेल

---

सांता पॉला
१६ सप्टेंबर १९९६

प्रिय डेल,

पत्र बसच्या डेपोत वाचलं, सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधे. सत्तेचाळीस मुलांना रोज शाळेत पोचवते मी, त्यातला सगळ्यात वांड मुलगाही तुझ्याएवढा स्वतःच्या आवाजावर खूश नसतो. पंचवीस वर्षं एक स्पीकर बंद, आणि पत्ता नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आमची आई तुझ्याबद्दल स्पॅनिशमध्ये म्हणायची. तुला तेव्हा वाटायचं ती जेवायला बोलावतेय.

गिटार देते. नॉर्म लेकीला भेटायला व्हेंच्युराला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवीन. तारा जुन्या आहेत, जुन्याच राहू देत. तुझ्या त्या कुंपणाच्या तारा तिच्यावर चढवू नकोस, पुढची फळी उपटून येईल. वडील तिला लग्नाकार्यात घेऊन जायचे, तिला सवय हळू हातांची आहे.

एक विचारायचं होतं. तू ‘उडालो’ म्हणून लिहिलंस आणि पुढे गेलास. नेमकं काय आवडलं? जरा नीट लिही. सहज विचारतेय.

ओफेलिया

---

सॅन क्लेमेन्टे
३० सप्टेंबर १९९६

प्रिय ओफेलिया,

गिटार सुखरूप पोचली. नॉर्मने ती मांडीवर घेऊन आणली, गाडी जावयाने चालवली. मी चढवायला जाड तारा बाहेर काढल्याच होत्या, पण काझारियनबाईंनी त्या माझ्या हातातून हिसकावून कपाटात कुलूपबंद केल्या.

रेकॉर्डिंगचं काय सांगू. तू मला ओळखतेस. माझं आयुष्य आवाज घुमवणाऱ्या त्या स्प्रिंगांच्या डब्यात गेलंय. त्यातून आवाज काढला की नुसतं खोकलं तरी वाटतं समुद्रात काहीतरी मोठं घडलं. चूक झाली तर पाण्यात विरते. आता बाईंनी मला एका साध्या खुर्चीवर बसवलं, समोर पेन्सिलीएवढा माइक ठेवला आणि सांगितलं, “वाजव.” डबा नाही, अँप्लिफायर नाही, काही नाही. कपडे काढून बाजारात उभं केल्यासारखं वाटलं.

पहिल्या टेकमध्ये माझं घड्याळ ऐकू आलं. ते काढलं. दुसऱ्यात खुर्ची कुरकुरली. खुर्ची बदलली. तिसऱ्यात एक बारीक शिट्टी येत होती. बाईंनी अर्धा तास खिडक्या तपासल्या, वायरी बदलल्या, शेजारच्याचा नळ बंद करून आल्या. शेवटी माझ्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डेल, हे तुझं नाक आहे.” पंचावन्न वर्षं मी या नाकाबरोबर राहतोय, माझ्या बायकोने घटस्फोटात याचा उल्लेख केला होता, तेव्हा मी ती सूड घेतेय असं समजलो.

चौथ्या टेकमध्ये मी तोंडाने श्वास घेतला तर तारा छेडायच्या तीन नख्या तुटल्या. मी इतक्या जोरात मारतो हे मला ठाऊकच नव्हतं. सगळं वाजवून झाल्यावर मी हळूच विचारलं, “थोडा डबा लावून बघू या का?” लावला. विहिरीत पडलेला माणूस आतून दार वाजवतोय असं काहीतरी निघालं. बाई हसल्या नाहीत, आणि हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायलाही जागा नाही. अंगण उत्तम आहे.

काय आवडलं विचारतेस. तेव्हापासून रोज ऐकतोय, बाईंनी कॅसेटवर भरून दिलेलं उजवीकडचं तेवढं. तिसऱ्या धुनेत मी वरून धावत सुटतो ना, तिथे खालची गिटार माझ्या मागे धावत नाही. चौथ्या ठोक्याला ती केसभर उशिरा येते. प्रत्येक वेळी, तेवढीच. मी घाईत पुढे पळालेलो असतो आणि ती मला शर्ट धरून मागे ओढते. तेवढ्यामुळे मी पडत नाही. मला आजवर वाटत होतं मी पडत नाही कारण मी चांगला आहे. आणि पाचव्या धुनेच्या शेवटी सगळे थांबल्यावर ती एकटी दोन ठोके जास्त वाजते, कोणीतरी दार लावायला विसरल्यासारखी. ते ऐकून मी रडलो, ओफेलिया. दुकानात, हाताला बोर्ड सांधायचं चिकट रेझिन लागलेलं असताना. डोळे पुसायलाही येईना.

चुय कसा करायचा ते? काहीही आठवत असेल तर लिही.

डेल

---

सांता पॉला
५ ऑक्टोबर १९९६

प्रिय डेल,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. नाकाचा भाग फक्त एकदा.

जे आठवतं ते लिहिते. चुयने कधीतरी सांगितलेलं.

नखी फेकून दे. अंगठ्याच्या कडेने वाजव, मांसाने, नखाने नाही. एक साधा रुमाल घडी करून तारांखाली, खालच्या पट्टीला चिकटून ठेव. जास्त वर सरकवलास तर आवाज मरतो, करंगळीच्या रुंदीएवढाच हवा. माइक गिटारच्या भोकासमोर ठेवला असशील, तिथून घुमतं. मान जिथे अंगाला मिळते तिथे धर, एक वीत अंतरावर. आणि टाच उचलून बसू नकोस. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली की हात आपोआप खाली येतो. चौथ्या ठोक्याला उशीर करायचा नसतो, तो होतो, कारण आपली करंगळी पाचव्या तारेवरून परत येत असते. हात लहान असला की जरा जास्त वेळ लागतो.

जेवला आहेस ना नीट? नॉर्म सांगत होता तू डबाबंद मासे उभ्याउभ्या खातोस.

ओफेलिया

---

सॅन क्लेमेन्टे
१९ ऑक्टोबर १९९६

प्रिय ओफेलिया,

तू नुसती बस काय चालवतेस, कॉलेजात शिकवायला हवं होतंस. रुमाल, अंगठा, माइक, पावलं, सगळं केलं. बाईंनी पहिल्यांदाच भुवई उचलली, तीही वरच्या दिशेने. “कोण आहेत या ओफेलिया?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, चुयची धाकटी बहीण, स्मरणशक्ती जबरदस्त.

पण होत नाहीये. सगळं बरोबर असून होत नाही. पंधरा दिवसांत छत्तीस टेक झाले. चौथा ठोका मी मुद्दाम उशिरा आणतो, आणि तो मुद्दाम आणल्याचं ऐकू येतं. मधे दोन दिवस मोठ्या लाटा होत्या. बाईंनी मला स्टुडिओच्या दारात पाहिलं आणि म्हणाल्या, “जा, तुझं लक्ष तिकडेच आहे.” गेलो. तिथेही पडलो. त्या काळात मी लाटेवर उभा राहायचो आणि गिटार बसून वाजवायचो, आता दोन्ही बसून होतं आणि दोन्ही वाईट होतं.

मला वाटतं कारण साधं आहे. चुयच्या मनगटात रोज चार तास पाण्यात हात मारल्याची ताकद होती. ती गिटार वरून मऊ वाटते पण आत पोलाद आहे. ते पुरुषाच्याच, तेही समुद्रातल्या पुरुषाच्या मनगटाचं काम. एखाद्या बाईमाणसाने दहा वर्षं सराव केला तरी तो दम येणार नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही येत नाही, म्हणजे बघ.

कव्हरच्या मागचा मजकूर लिहिलाय. ‘या संगीताचा खरा कणा होता चुय बारागानचा उजवा हात. आम्ही त्याला ऐकलं नाही. हा अल्बम त्या हाताला.’ बरं वाटतंय का? खाली त्याचा फोटो हवा, गिटार घेतलेला. तुझ्याकडे असेल.

डेल

---

सांता पॉला
२४ ऑक्टोबर १९९६

डेल,

फोटो पाठवत नाही. आधी हे वाच, आणि उभ्याउभ्या वाचू नकोस.

रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात तू बाकी तिघांना काय सांगितलं होतंस, आठवतं? ‘त्या दिवशी ज्याचा हात चालणार नाही तो बँडबाहेर.’ तीन दिवसांनी न्यूपोर्टच्या धक्क्यापाशी लाटेने चुयला वाळूत आपटलं. मनगट पावासारखं सुजलं. तो रात्रभर माझ्या खोलीच्या दाराशी बसून होता. एकवीस वर्षांचा घोडा, आणि तुझ्या भीतीने रडत होता.

मी सतरा वर्षांची होते. वडलांनी आम्हा दोघांना एकाच गिटारवर शिकवलं, पण लग्नांत वाजवायला फक्त त्याला नेलं. तुमच्या सगळ्या धुना मला पाठ होत्या, तुम्ही आमच्याच गॅरेजात बडवत होतात. घरी सांगितलं मावशीकडे जाते, आणि निघाले.

तू स्टुडिओला लागून असलेल्या टायरच्या कोठीत होतास, आठवत असेल. तुझा अँप्लिफायर इतका गर्जायचा की तुला वेगळ्या खोलीत कोंडावं लागलं. कानाला हेडफोन लावायला तू नकार दिलास कारण केस बसतात. भिंतीतल्या काचेतून नॉर्मच्या काठ्या पाहत वाजवलंस. त्या काचेतून तुला चुय दिसत होता, गळ्यात विजेची गिटार, हात वरखाली होतोय. ती गिटार कशालाही जोडलेली नव्हती, डेल. तो दुखऱ्या मनगटाने सहा तास नुसता हात हलवत होता, तुला दिसावं म्हणून.

मी संडासाकडे जाणाऱ्या बोळात बसले होते. लिंबाच्या खोक्यावर. समोर माइक, मांडीवर वडलांची गिटार, खाली रुमाल, तारा कर्कश होत्या म्हणून. बाराच्या बारा धुना. पाचव्या धुनेच्या शेवटी सगळे थांबले ते मला कळलंच नाही, कारण बोळातून कोणी दिसत नव्हतं. म्हणून ते दोन ठोके जास्त.

तुला सांगायचं चुयने अनेकदा ठरवलं. आधी बँडमधून जाईल म्हणून नाही सांगितलं, मग वडलांना कळेल म्हणून, मग तू ‘माझा आवाज, माझा आवाज’ करत सगळ्यांना ऐकवत फिरायचास ते पाहून त्याला दया आली. दर नाताळला तो ती रेकॉर्ड लावायचा आणि डाव्या स्पीकरवर उशी ठेवायचा. मग आम्ही दोघं बसून ऐकायचो. तो गेल्यापासून मी ती लावलेली नाही.

तेहतीस वर्षं मला वाटत होतं की चुयशिवाय मला कोणी ऐकलेलं नाही. मग तुझं पत्र आलं. चौथा ठोका, दोन ठोके जास्त, सगळं तुला ऐकू आलं होतं. आणि खाली भावाचं नाव. माझं माझ्या भावावर फार प्रेम होतं. पण तो हात माझा आहे. कव्हरवर तो माझ्या नावाने हवा.

आणि हो, समुद्रातल्या पुरुषाचं मनगट. मला पोहता येत नाही.

ओफेलिया बारागान

---

सॅन क्लेमेन्टे
२ नोव्हेंबर १९९६

प्रिय ओफेलिया,

तुझं पत्र मनाला फार लागलं. आज तुमच्याकडचा मृतांचा दिवस, तू चुयच्या फोटोपुढे फुलं ठेवली असशील.

मी काही रागावलेलो नाही. माझी आई गेली तेव्हा मलाही वाटायचं की तिची सगळी कामं मीच करत होतो. माणूस जवळचं गेलं की त्याचे हात आपलेच वाटायला लागतात. तू त्याच्या जवळ बसून इतकं ऐकलंस की आता तुला त्यात स्वतःची आठवण दिसतेय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘बहीण ओफेलियाच्या प्रेमळ आठवणींसह’ अशी एक ओळ कव्हरवर घालता येईल, मी बाईंशी बोलतो.

विश्रांती घे. फोटोची घाई नाही.

तुझा,
डेल

---

सांता पॉला
६ नोव्हेंबर १९९६

डेल,

सोबत कॅसेट आहे. काल स्वयंपाकघरात भरली. फ्रिज घरघरतोय तो मी नाही. तिसरी धून आणि पाचवी. गिटार शेजारणीची आहे, कारण माझी तुझ्याकडे आहे.

काझारियनबाईंना ऐकव. तू ऐकायच्या आधी उजवा स्पीकर दुरुस्त करून घे.

ओ. बा.

---

सॅन क्लेमेन्टे
१५ नोव्हेंबर १९९६

ओफेलिया,

कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून वाईट भागापासून करतो.

कॅसेट मी बाईंकडे घेऊन गेलो ते तुझी समजूत काढायला त्यांची मदत होईल म्हणून. वाटेत त्यांना कसं सांगायचं ते घोकत होतो: ‘बिचारी, भावाच्या दुःखात आहे, जरा सांभाळून बोला.’ बोललोसुद्धा तसंच. त्यांनी एका यंत्रावर जुनी रेकॉर्ड लावली, दुसऱ्यावर तुझी कॅसेट, आणि एकाच वेळी सुरू केली. तिसरी धून. पहिले चार ठोके जरा पुढेमागे झाले, मग त्यांनी बोटाने कॅसेट किंचित थोपवली, आणि दोन्ही गिटारी एक झाल्या. चौथा ठोका. पुन्हा चौथा ठोका. मधे तेहतीस वर्षं गेली आणि तू तेवढीच उशिरा येतेस.

बाईंनी दोन्ही यंत्रं बंद केली. मग म्हणाल्या, “जरा सांभाळून बोलायला तुलाच कोणीतरी शिकवायला हवं होतं.”

नॉर्मला फोन केला. म्हटलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, “मी तिच्यापासून आठ फुटांवर होतो, डेल. पायाला ठेका तिनेच दिला.” इतकी वर्षं का नाही बोललास? तर म्हणे, “तू कधी दुसऱ्या कोणाबद्दल विचारलंच नाहीस.”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तो घडा मी. तू मला अंगठा, रुमाल, पावलं सगळं सांगितलंस, लहान हाताला वेळ लागतो हेसुद्धा लिहिलंस, आणि मी तुझ्या स्मरणशक्तीचं कौतुक करत बसलो. मग तू सरळ सांगितलंस तेव्हा तुला भ्रम झालाय असं ठरवलं. तुला आराम करायला सांगितलं. ते पत्र जाळ, कृपा कर.

माझ्यामुळे चुय घाबरला, ते वाचून मला झोप लागत नाही. त्याची माफी मागायची राहिली, ती आता तुझ्याकडेच मागतो. कव्हरचा मजकूर फाडून टाकलाय.

येशील का? थँक्सगिव्हिंगला तेरा दिवस उरलेत. मी वाजवणार नाही ती गिटार. तू नाही आलीस तर अल्बम होणार नाही आणि ते बरोबरच होईल. बाईंनी सांगितलंय की खोलीत तुझ्यासाठी काय हवं ते तू सांगायचंस.

डेल

---

सांता पॉला
१९ नोव्हेंबर १९९६

डेल,

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण राग यायला मजा येत होती.

शनिवारी येते. सकाळच्या बसने, आणि यावेळी चालवणार दुसरं कोणीतरी. अटी सांगते. मी बोळात बसणार नाही. तू कोठीत बसणार नाहीस. एकाच खोलीत, समोरासमोर, चार फुटांवर. तुझा अँप्लिफायर इतका हळू की मला माझा अंगठा ऐकू यायला हवा. डबा लाव हवा तर, तुझ्याकडून ते काढून घेणं म्हणजे लहान मुलाचं पांघरूण ओढणं आहे. पण हळू. तू आयुष्यात कधी हळू वाजवलं नाहीस, आता शीक.

पाचवी धून आधी घेऊ. सुरुवातीला आठ ठोके मी एकटी, मग तू शिरायचंस.

मला भीती वाटतेय, हे कोणाला सांगू नकोस. रेकॉर्डिंगला दुसऱ्यांदाच जातेय मी. वडलांच्या गिटारचे कान पिळून ठेव, थंडीत तारा उतरतात.

ओफेलिया

---

सॅन क्लेमेन्टे
२ डिसेंबर १९९६

प्रिय ओफेलिया,

काल बाईंनी सगळा अल्बम ऐकवला, दोन्ही स्पीकरवर. तू तो ऐकशीलच, आठवड्याभरात टेप येईल. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण टेप ऐकल्यावर तू विचारशील.

शनिवारचा पहिला टेक. तू आठ ठोके वाजवलेस आणि मी शिरलो नाही. तू पुढचे आठ वाजवलेस, तरी मी शिरलो नाही. तू माझ्याकडे पाहिलंस, मग नजर खाली घालून पूर्ण धून एकटीने वाजवलीस, शेवटच्या दोन जास्तीच्या ठोक्यांसकट, ते आता मुद्दाम. थांबल्यावर मी सांगितलं की अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. मग तू मला सगळ्यांसमोर झापलंस: “चाळीस वर्षं एक खोकं सांभाळतोस, तेही धड चालत नाही.” नॉर्म हसला. मीही हसलो आणि वाकून फ्यूज बदलायचं नाटक केलं. दुसऱ्या टेकला मी वेळेवर शिरलो, आणि दिवस चांगला गेला, आणि तू जाताना माझा हात धरलास.

फ्यूज उडाला नव्हता. खोक्यात काही बिघाड नव्हता, दिवा लागलेला होता, तू बसली होतीस तिथून तो दिसत नव्हता. माझी बोटं तारांवर होती. तू सुरू केलंस आणि तुझा अंगठा मला ऐकू आला, रुमाल घासल्याचा आवाज, तुझा श्वास. मी आठ ठोके मोजले. मग मला वाटलं अजून थोडं ऐकावं. मग पुन्हा तसंच वाटलं.

बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यांच्या यंत्रावर माझ्या अँप्लिफायरच्या आवाजाचा काटा जिवंत दिसत होता. त्यांनी तो टेक ठेवलाय. अल्बमची पहिलीच धून म्हणजे तो टेक, दुसरा नाही, तोच. अडीच मिनिटं एक लाकडी गिटार. त्यांनी मला विचारलं, “सर्फची रेकॉर्ड लावली की लोक तुझी वाट बघतील, डेल. चालेल?” मी म्हणालो, बघू देत.

त्या धुनेपुढे फक्त तुझं नाव छापलंय, ओफेलिया बारागान. नीट ऐकलंस तर मधे एका जागी बारीक शिट्टीसारखं काहीतरी येतं. बाई ते काढणार होत्या, मी काढू दिलं नाही. ते माझं नाक आहे. मी तिथेच होतो, तुझ्यापासून चार फुटांवर, ऐकत.

तुझा,
डेल